कार्डाची मागची बाजू

४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. वाचून फाडलंस तरी चालेल, पण आधी वाच.

बाबांना झटका येऊन पाच आठवडे झाले. उजवा हात आणि उजवा पाय अजून निपचित आहेत. बोलतात, पण शब्द तोंडात अडखळतो आणि मग चिडून गप्प बसतात. समजतं मात्र सगळं. जुनी सवयही गेलेली नाही. घरात आलेला प्रत्येक कागद त्यांना दाखवावा लागतो, आणि हिरव्या पेन्सिलने डाव्या हाताने वरच्या डाव्या कोपऱ्यात 'पाहिले' आणि तारीख असं लिहून ते तो परत करतात. औषधाच्या चिठ्ठीवरसुद्धा. केमिस्टने विचारलं, हे कुठलं औषध?

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की दुसरा झटका आला तर काही खरं नाही. आत्या, तू एकदा येऊन जा. वरच्या खोलीतून तू ट्रंक घेऊन उतरलीस तेव्हा मी दहा वर्षांची होते, आता छत्तीसची आहे. तुम्हा बहीणभावांत काय झालं ते मला धड कोणी सांगितलं नाही आणि आता मी विचारतही नाही. फक्त ये.

खाण्यापिण्याचे हाल आहेत. दूध तोंडाला लावलं की थुंकतात. माझ्या अंगावर, उशीवर, परवा तर नर्सबाईंच्या चष्म्यावर. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "तुमचे वडील मोठे विद्वान होते म्हणे!"

दुसरी बातमी ऐकून तू नाक मुरडशील. मी इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत लागले. हो, तिथेच, जिथे बाबा मुख्य संपादक होते आणि तू होतीस. नवी आवृत्ती निघते आहे आणि मला 'डी'च्या शब्दांच्या कार्डांचे खण तपासायला दिलेत. तुमच्या वेळचे लॅटिनबुवा आता सल्लागार आहेत. या वेळी व्युत्पत्तीखाली त्यांचं एकट्याचं नाव छापायचं ठरलंय, आणि त्यांच्या कामाबद्दल दोन पानं लिहायचं माझ्या गळ्यात आलंय.

पण खरंच आत्या, त्या माणसाने काय लिहिलंय! 'डिसलाइक'चं कार्ड घे. वर एक कोरडी ओळ: "डिस: लॅटिन. अलग, दोन बाजूंना." आणि खाली बघ: "लाइक: जर्मानिक. याच्या कुळाचा मूळ अर्थ शरीर, आकार. जुन्या इंग्रजीत प्रेतालाही या कुळातलाच शब्द होता. ज्याचा आकार जुळतो ते मानवतं, मानवतं ते आवडतं, असा अर्थ बहुधा सरकत आला. तेव्हा माणूस वस्तूला पसंत करत नसे, वस्तू माणसाला रुचत असे, आपण 'मला आवडतं' म्हणतो तसं. म्हणून नावड ही आधी अंगाची गोष्ट आहे, मनाची मागाहून." पुढे एका लहान मुलाचं उदाहरण आहे, तेही गोड आहे. असं लिहिणारा माणूस मला समोर बसलेला दिसतो तो फार निराळा. दिवसभर जीभ बाहेर काढून बसतो. तरी तू मला या शब्दाबद्दल आणखी काही सांगशील का? कार्डाचा कोपरा चहा सांडल्यासारखा तपकिरी झालाय, शेवटचा शब्द लागत नाही.

तुझी,
टिल्ली

११ फेब्रुवारी

टिल्ली,

पत्र मिळालं. पाकीट तू जिभेने चिकटवलंयस. पुढच्या वेळी ओलं फडकं वापर. माणसाची थुंकी ही पोस्टाने पाठवायची वस्तू नव्हे.

मी बरी आहे, म्हणजे असते तशी. खोलीखाली लाँड्री आहे आणि लोकांच्या मळक्या चादरींची वाफ दिवसभर माझ्या खिडकीतून आत येते. काम औषधांच्या पत्रकांचं. खोक्यात घडी घालून ठेवतात आणि कोणी वाचत नाही, तो कागद. त्याची मुद्रितं मी तपासते. काल सकाळपासून संध्याकाळपर्यंत 'मळमळ, ओकारी, अन्नावरची वासना उडणे' एवढंच वाचलं. बहात्तराव्या वर्षी अगदी माझ्या स्वभावाला साजेसं काम मिळालं म्हणायचं.

तू त्या घाणीत जाऊन बसलीस हे वाचून जेवण गेलं नाही. चिकटवायच्या खळीचा डबा अजून उघडाच असतो का? त्यात बुडलेली माशी आम्ही तीन महिने रोज बघत होतो. कोणीही काढली नाही, कारण माशी काढणं कुठल्याच टेबलाच्या कामात बसत नव्हतं.

शब्दाचं विचारलंस म्हणून सांगते. शब्दाने माझं काही वाकडं केलेलं नाही.

डिसलाइक हा दोन घरचा शब्द आहे. त्याच्या आधी इंग्रजीत मिसलाइक होता, दोन्ही अंगांनी जर्मानिक, घरचा. सोळाव्या शतकात हा डिसलाइक आला आणि हळूहळू त्या घरच्याला उठवून त्याच्या जागेवर बसला. डोकं लॅटिन, धड जर्मानिक. असं कलम पाहून शुद्धतावाले तोंड वाकडं करतात, पण शब्द जगला आणि चांगला जाडजूड झाला. हे लिहून ठेव, हे छापलं तर चालेल.

असे शब्द आले की कार्ड आमच्याकडे दोन टेबलांवरून फिरायचं. डोकं लॅटिनच्या टेबलावर, धड जर्मानिकच्या. लॅटिनचं टेबल त्याचं. दुसरं कोणाचं होतं ते तुझ्या दोन पानांत लिहायची गरज नाही, तिथे ती कोणालाच कधी वाटली नाही.

आणि कार्डाचा कोपरा तपकिरी आहे तो चहा नव्हे. तो माणूस कार्ड उलटताना बोट जिभेवर फिरवतो. एका कार्डावर वर्षानुवर्षांची थुंकी वाळली की हा रंग येतो. तू त्याला हात लावलास. धू.

आता तुझे बाबा. मी येणार नाही. माझा त्याच्यावर राग असता तर आले असते, कारण राग उतरतो. मला त्याची किळस आली, आणि किळस उतरत नाही. भांडं घासलं तरी ज्यात पाल पडली होती त्यात आपण पुन्हा पाणी पीत नाही, तसं आहे. यापुढे विषय काढू नकोस.

आत्या

ता. क. दूध देताना साय काढून टाक. नुसती चमच्याने काढलीस तर कडेची राहते. गाळून घे, तेही दोनदा. पाचव्या वर्षापासून सायीचा तुकडा ओठाला लागला की तो अख्खा शहारायचा. मी दुसऱ्या पेल्यात गाळून द्यायची आणि आईला सांगायची की प्याला गं. हे मी सांगितलं असं सांगू नकोस.

२० फेब्रुवारी

आत्या,

पाकीट ओल्या फडक्याने चिकटवलंय.

दूध दोनदा गाळलं. आख्खा पेला प्याले. रिकामा पेला उजेडात धरून बघितला, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "को... कोण?" मी म्हटलं, नर्सबाईंनी. त्यांनी मान फिरवली. खोटं ओळखण्यात त्यांची कुठलीच बाजू लुळी पडलेली नाही.

आणि मग मी कचेरीत जाऊन ते कार्ड पुन्हा काढलं. लहान मुलाचं उदाहरण काय आहे ते सांगू? "दुधावरची साय ओठाला लागताच अंगभर शहारणाऱ्या मुलाला विचारावं." आत्या, लॅटिनबुवा आमच्या घरी कधी आले नव्हते. आजीच्या स्वयंपाकघरात तर नाहीच. अक्षर त्यांचं आहे, पण हे वाक्य तुझं आहे ना? खालचा अर्धा भाग तुझाच आहे ना?

मी कार्ड हातात धरून बसले आणि उगाच उलटं केलं. तुला माहीतच आहे, कचेरीत कागद टाकत नाहीत. एका बाजूने कोरा असलेला प्रत्येक कागद चौघडी करून कापतात आणि त्याची कार्डं करतात. मागच्या बाजूला काय वाट्टेल ते असतं, पंख्याच्या दुरुस्तीची नोंद, कोणाच्या रजेचा अर्ज. म्हणून मागची बाजू कोणी वाचतच नाही. मी वाचली. तिथे तुझं अक्षर आहे. कापल्यामुळे अर्धवट आहे, पण तुझंच, ती 'र'ची लांब शेपटी. लिहिलंय: "...माझ्याच टेबलावरून उचलून स्वतःच्या आद्याक्षरांखाली छापायला..." आणि पुढच्या ओळीत "...आपण न्याय कराल या खात्रीने..."

हे काय आहे? कोणाला लिहिलं होतंस?

मी कॉलेजात असताना बाबांना एकदा विचारलं होतं, आत्या का गेली? ते म्हणाले, "मी तिला वर चढवलं नाही, त्याचा राग. बरोबरच आहे तिचं." मी तेव्हा तेच खरं मानलं. आता तू सांग.

टिल्ली

२६ फेब्रुवारी

टिल्ली,

तुझं पत्र वाचून मी मोरीत जाऊन उभी राहिले. काही पडलं नाही, पण उभं राहावं लागलं.

तर ऐक. एकदाच सांगते.

तुझ्या बाबाने आणि मी कचेरीत पहिल्या दिवशी एक नियम केला होता. कचेरीच्या दारातून आत आलं की आपण भाऊबहीण नाही, बाहेर पडलं की संपादक आणि सहायक नाही. लोकांनी 'भावाने बहिणीला आणून बसवलं' म्हणू नये म्हणून. तो नियम आम्ही इतका पाळला की लोक आम्हाला हसायचे. घरी एका टेबलावर जेवायचो आणि कचेरीत मी त्याला 'महोदय' लिहायची. वर चढवायची वेळ आली तेव्हा त्याने मला सोडून लॅटिनबुवाला चढवलं. तेही मी गिळलं. नियम म्हणजे नियम. त्याचा मला कधी राग नव्हता, हे त्याला सांगायची आता गरज नाही.

मग तिसऱ्या खंडाची मुद्रितं आली. कोशात प्रत्येक टिपणाखाली लिहिणाऱ्याची आद्याक्षरं छापतात. माझ्या नऊ वर्षांच्या टिपणांखाली लॅटिनबुवाची आद्याक्षरं होती. सगळीकडे. मी त्याला विचारलं तर बोट चाटत म्हणाला, "बाई, शेवटी व्युत्पत्ती ही एकाच हातातून गेलेली बरी." माझ्या डोळ्यांदेखत माझ्याच कार्डाला त्याने ते ओलं बोट लावलं.

मी रीतसर तक्रार लिहिली. तीन पानं, एका बाजूने, मुख्य संपादकांच्या नावाने. पाकिटात घालून जिन्याखालच्या आवक पेटीत टाकली. घरी एक शब्द बोलले नाही, कारण नियम. आणि सतरा दिवस वाट पाहिली. सतरा दिवस मी त्याच्या समोर बसून जेवले. तो मला मीठ सरकवायचा. "आज गप्प का?" म्हणून एकदा विचारलंनसुद्धा. माझं पत्र खिशात घालून माणूस "आज गप्प का" विचारतो! मला समोरचं ताट ओकारीसारखं दिसायला लागलं.

अठराव्या दिवशी राजीनामा दिला. एका ओळीचा: "कारण आपणास माहीत आहे." त्यावर मात्र त्याच दिवशी शेरा आला. एक शब्द. "मंजूर."

संध्याकाळी ट्रंक घेऊन उतरले तर तो जिन्यात उभा. म्हणाला, "जेवून तरी जा." त्या वाक्याची मला आजही शिसारी येते.

आणि आज कळतं की ते पत्र त्याने साधं फाडलंही नाही. रद्दीत दिलं. संपादकाच्या खोलीतली रद्दी दर शनिवारी कापायला जायची. माझ्या तक्रारीची कार्डं कापली, आणि चोराने त्याच कार्डांवर माझीच चोरलेली टिपणं स्वतःच्या अक्षरात उतरवून काढली, म्हणजे माझं अक्षरही शिल्लक राहायला नको. पुढून चोरी आणि मागून चोरीची तक्रार. एवढं ओंगळ काम माणूस ठरवून करू शकत नाही, त्याला तसाच जन्म लागतो. पण त्या हातात कागद दिला कोणी? माझ्या भावाने.

पुन्हा लिहू नकोस. दूध मात्र गाळत जा.

आत्या

१८ मार्च

आत्या,

तू नको म्हणालीस तरी लिहिते आहे. तीन आठवडे मी फक्त कार्डं उलटी करत होते.

तीन पानं, प्रत्येकाचे चार तुकडे, म्हणजे बारा कार्डं. ती सगळी 'डी'च्या खणातच निघाली, तुझ्या दोन घरच्या शब्दांवर. डिसबिलीव्ह, डिसहार्टन, डिसबर्डन, सगळ्यांना डोकं लॅटिन आणि धड तुझं. अकरा सापडली आणि बारावं काही मिळेना, नेमकं पहिल्या पानाचा वरचा डावा तुकडा. ते शेवटी डिसट्रस्टच्या पाठीवर होतं, खणाच्या फळीला चिकटलेलं. मी चाकूने सोडवलं. हात धुतले, तू विचारायच्या आधी सांगते.

आता नीट वाच. वरच्या डाव्या कोपऱ्यात काही नाही.

'पाहिले' नाही, आत्या. हिरवी रेघसुद्धा नाही. बाबांचं तुला मी सांगायला नको. माझ्या पहिलीच्या प्रगतिपुस्तकावर 'पाहिले' आहे. मी काढलेल्या हत्तीवर 'पाहिले' आहे. आईच्या वाणसामानाच्या यादीवर तिने चिडून 'मीही पाहिले' लिहिलंय. त्या माणसाच्या हातातून तीन पानांचं पत्र जाईल आणि कोपरा कोरा राहील?

आवकचा शिक्का मात्र आहे, शेजारी घेणाऱ्याची सही. मी हजेरीचं जुनं पुस्तक काढलं. त्या महिन्यात आवकच्या बाई डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी रजेवर होत्या. त्यांच्या टेबलावर आपणहून कोण बसलं होतं, ते सहीवरून लहान मूलही ओळखेल. मागे वळून स्वतःचीच शेपटी पकडणारी सही, रोज पाहते मी ती.

बाबांना तुझं पत्र मिळालंच नाही. त्यांना फक्त "कारण आपणास माहीत आहे" मिळालं, आणि त्यांना जे एक कारण माहीत होतं तेच त्यांनी धरलं.

मी बारा तुकडे घेऊन लॅटिनबुवांच्या समोर गेले. ते पेरू खात होते आणि बिया कागदावर काढून ठेवत होते. मी तुकडे मांडले. आधी पुढून, मग उलटे. त्यांनी चष्मा लावला, बोट चाटलं, एक तुकडा उचलून अंगठ्याने चाचपला. मला वाटलं घाबरतील, नाकारतील, काहीतरी. ते म्हणाले, "कागद चांगला होता. एका बाजूने कोरा. वाया कशाला घालवायचा?"

आत्या, तोपर्यंत मला तुझी किळस थोडी अती वाटायची. माफ कर. मी बाहेर येऊन गॅलरीचा कठडा धरून उभी होते.

दोन पानं मी लिहिणार नाही असं कोशाच्या मंडळाला कळवलंय आणि बारा तुकड्यांच्या प्रती जोडल्यात. नाव छापणं थांबलंय. माझं कायम होणंही थांबलंय, ते असू दे.

मूळ तुकडे माझ्याकडे आहेत. बाबांना अजून काही सांगितलं नाही. पत्र तुझं आहे. सांगू का? डॉक्टर म्हणतात त्रास होईल असं काही नको. पण वेळ फार नाही, आत्या. परवा दोन तास त्यांना माझं नाव आठवत नव्हतं.

टिल्ली

२३ मार्च

टिल्ली,

चार दिवस कामाला हात लावला नाही. औषधाचं पत्रक समोर आहे, 'क्वचित भ्रम होण्याची शक्यता' इथे थांबलं आहे.

मला लॅटिनबुवाचं काही वाटत नाही. गटार आहे, गटार वास मारणारच. मला माझी घाण वाटते आहे. सव्वीस वर्षं मी रोज सकाळी उठून माझ्या भावाला मनातल्या मनात थुंकले. त्याच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस झाला, मी गेले नाही. तुझी आई गेली, मी दोन ओळी लिहिल्या, त्याही तुझ्या नावाने. किळस उतरत नाही असं तुला मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. खरं म्हणजे मी ती उतरू दिली नाही, रोज ताजी करून घेतली. जेवणाच्या टेबलावर हात लांब करून "माझं पत्र वाचलंस का रे?" एवढं विचारायला मला काय झालं होतं? पाच शब्द. त्याला "का गेलीस गं?" विचारायला काय झालं होतं? तीन शब्द. कोशात लाखभर शब्द गोळा केले आम्ही दोघांनी आणि हे आठ निघाले नाहीत. आमच्या त्या नियमाचीच मला आता शिसारी येते. एवढा स्वच्छ नियम होता की त्यात माणूस जगू शकत नव्हता.

डॉक्टरांना म्हणावं, त्याला न सांगण्याचा त्रास तुमच्या पुस्तकात लिहिलेला नाही.

पण तोंडाने सांगू नकोस. तू सांगशील तर मऊ करून सांगशील आणि रडशील. तुकडे जोड, मागून चिकटपट्टी लाव, खळ नको. त्याच्या उशाशी ट्रे आहे का? नसला तर एखादं ताट घे. त्यात पत्र ठेव, हिरवी पेन्सिल शेजारी ठेव आणि बाजूला हो. ते पत्र मुख्य संपादकांना आहे. त्यांच्याकडे ते पोचायचं राहिलं होतं, एवढंच.

त्याचा शेरा येईपर्यंत मी येणार नाही. हट्ट म्हण. 'उशीर झाला' लिहिलं तरी त्याचं चुकणार नाही, आणि मग मी त्याला तोंड दाखवणार नाही. मला भीती वाटते गं. हे वाक्य वाचून झालं की खोड.

आत्या

३ एप्रिल

आत्या,

आलं. सोबत आहे. पण आधी माझं वाच.

तू म्हणालीस तसं केलं. स्टीलच्या ताटात पत्र ठेवलं. त्यांनी तुझं अक्षर ओळखलं तेव्हा डावा हात थांबला. मग वाचायला लागले. एक पान वाचायला त्यांना पूर्ण सकाळ लागली, कारण ओळ सुटायची आणि ते पुन्हा पहिल्यापासून धरायचे. मी मदत करू गेले तर हात झटकला. दुसरं पान दुपारी. तिसरं दुसऱ्या दिवशी. संपल्यावर त्यांनी पत्र उलटं केलं. तिथे त्या माणसाच्या अक्षरात बारा शब्द होते, त्यातला डिसलाइकही. तेही वाचलं. सायीच्या मुलापाशी आले आणि थांबले.

त्या दिवशी दोनदा गाळलेलं दूधही थुंकलं. मी पुसत होते तर म्हणाले, "को... कोण?" मी लॅटिनबुवांचं नाव घेतलं, आवक टेबल, रजा, सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा एका बाजूनेच हलतो, पण ती बाजू अशी आक्रसली की मी भांडं पुढे केलं. काही आलं नाही. एक शब्द आला, न अडखळता, झटक्यानंतरचा पहिला स्वच्छ शब्द. "घाण."

मग चार दिवस ताटाकडे बघितलं नाही. मी घाबरले होते. तुला लिहायला घेऊन दोन कागद फाडले. काल सकाळी त्यांनी स्वतः ताट ओढलं आणि पेन्सिल मागितली. मला विचारलं, "ता... तारीख?" मी सांगितली. अर्धा तास लिहीत होते. पेन्सिल दोनदा पडली.

वरच्या डाव्या कोपऱ्यात बघ. "पाहिले." खाली कालची तारीख. त्याखाली कचेरीत लिहायचे तसं, "तक्रार खरी आहे."

मला वाटलं झालं. मी कागद घ्यायला गेले तर त्यांनी ताटावर मनगट ठेवलं. आणखी एक ओळ लिहिली. कोपऱ्यात जागा नव्हती म्हणून ती समासातून खाली उतरली आहे, कागद आडवा करून वाचावी लागेल. कुठल्याच कागदावर त्यांनी कोणाला 'तू' लिहिलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं.

"घरी का नाही सांगितलंस?"

टिल्ली

८ एप्रिल

टिल्ली,

मूळ पत्र परत पाठवते आहे. नीट धर, चिकटपट्टी एका ठिकाणी सुटली आहे. तू लावतेस तेव्हा बुडबुडे राहतात.

मी परवा सकाळच्या गाडीने निघते, दुपारी पोचेन. स्टेशनवर येऊ नकोस, मला गर्दीत मिठ्या मारलेल्या आवडत नाहीत. डब्यात शेजारी कोण कोणत्या पायमोज्यांत बसणार आहे देव जाणे, मी नाकाला लावायला रुमाल घेतला आहे. वरची खोली झाडून ठेव. गादीला ऊन दाखव. पत्रकं सोबत आणते, तिथे बसून तपासेन. भ्रमापर्यंत आले होते, पुढचं राहिलं आहे.

लॅटिनबुवाचं काय व्हायचं ते मंडळ बघेल. मला त्याच्याबद्दल जे वाटतं त्याला दोन घरचा शब्द लागत नाही, एका घरचा पुरतो.

दूध मी आल्यावर गाळीन.

त्याच्या प्रश्नाखाली समासात थोडी जागा उरली होती, तिथे मी उत्तर लिहिलं आहे. ते वाचून तू काही समजावत बसू नकोस. आणि हा कागद ताटात ठेवू नकोस, ट्रेमध्ये नको, पेटीत नको. त्याच्या हातात दे.

लिहिलंय, "घरी येऊन सांगते."

आत्या